ऐरणीपाशी पहिले वर्ष: ठाणे आणि नवी मुंबईत लोहारकाम शिकू पाहणाऱ्यांसाठी

लोहारकाम जपायला हवे असे मनापासून वाटणारी तरुण मंडळी मला अधूनमधून भेटतात आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात पहिला विचार चित्रीकरणाचा असतो. चित्रीकरणाचा उपयोग आहेच आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे; परंतु ज्याच्या भट्टीवर दिवसाकाठी दोन गिऱ्हाइके येतात, त्या माणसाला तिसरे गिऱ्हाईक मिळणे ही त्याच्या कलेची पहिली गरज असते. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रम तसाच लावला आहे. आधी लोहाराला काम द्यावे, मग त्याच्याशेजारी उभे राहून पाहावे, मग हातोडा हाती घ्यावा, आणि हात थोडा बसल्यावर त्याच भट्टीवर पुन्हा काम आणून द्यावे.

आपल्या भागात हे काम का आटले, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे. ठाणे आणि पनवेलच्या पट्ट्यातील गावलोहाराचे पोट भातशेतीवर चालत असे. राबासाठी, म्हणजे भाताचे रोप टाकायची जमीन भाजण्यासाठी, टहाळ तोडायचा कोयता, कापणीचा विळा, बेणणीचे खुरपे, बांध घालायची कुदळ, पहार आणि नांगराचा फाळ ही अवजारे तो घडवी, वर्षभर त्यांची डागडुजी करी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर भाताच्या रूपाने त्याचे बलुते त्याला मिळे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेत गेले तेथे फाळाचे, विळ्याचे आणि कोयत्याचे कामही गेले. ज्या मुंबईच्या लोहार चाळीने लोहारांचे नाव अजून टिकवून ठेवले आहे, तेथे आज विजेचे सामान विकले जाते. लोहाराच्या हातातील कौशल्य कमी झाल्याने हे घडलेले नाही; त्याच्या कामाला असलेली मागणी एका पिढीत नाहीशी झाली, आणि तिच्या जागी शहरातील वेगळी मागणी उभी करता येते, असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी: काम घेऊन जाणे

घरातील बोथट झालेली विळी, गंजलेली खवणी, सोसायटीच्या माळ्याचे वाकलेले खुरपे किंवा गावाकडून आणलेला जुना कोयता घेऊन लोहाराकडे जावे. लोहार कोठे सापडतील, तर जुन्या गावठाणांत चौकशी करावी, मुरबाड आणि शहापूरकडच्या आठवडे बाजारांत पाहावे आणि पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसाच्या यात्रेत जावे, जेथे बैलबाजाराबरोबर शेतीची अवजारेही मांडलेली असतात. रस्त्याच्या कडेला पाल टाकून काम करणारी घिसाडी कुटुंबेही दिसतात. त्यांच्या भट्टीपाशी काही वेळ थांबून अवश्य पाहावे, कारण तेथे नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि बायको घण मारते, आणि दोघांचा ताल असा जुळलेला असतो की तो पाहिल्यावर घण म्हणजे नुसती ताकद हा गैरसमज कायमचा जातो.

काम सांगताना “धार लावून द्या” एवढेच सांगू नये. चाकावर घासून लावलेली धार आणि भट्टीत तापवून, ठोकून, पातळ करून, पुन्हा पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून कडक करून) काढलेली धार यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला घाटावरचे शेतकरी अवजार ‘शेवटणे’ म्हणतात. चाकावर दरवर्षी घासलेले खुरपे काही वर्षांत संपते. शेवटलेले खुरपे त्याच लोखंडातून पुन्हा नवे होते. तेव्हा लोहाराला विचारावे, की काका, हे शेवटायला हवे का नुसती धार पुरेल, आणि तो सांगेल ते मान्य करावे. पैशांवरून घासाघीस करू नये. कोळसा, वेळ आणि दोन माणसांचे श्रम त्या एका खुरप्यात असतात.

दुसरी पायरी: शिकायला केव्हा जावे आणि कसे वागावे

मृग नक्षत्राच्या आधीचा महिना आणि भातकापणीच्या तोंडावरचे दिवस हे लोहाराच्या घाईचे असतात. त्या वेळी शिकण्यासाठी जाऊन त्याला अडवू नये. पौषापासून चैत्रापर्यंतचा काळ त्यामानाने मोकळा असतो. अमावस्येला अनेक लोहार आणि सुतार काम बंद ठेवतात, म्हणून लांबून जाण्याआधी पंचांग पाहावे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला अवजारांची पूजा असते. त्या दिवशी एखादे फूल घेऊन गेले तर काहीही न मागता ओळख वाढते.

ऐरणीवर बसू नये, तिला पाय लावू नये आणि तिच्यावर रिकामा हातोडा आपटू नये. पहिल्या दोन नियमांत श्रद्धा आहे, तिसऱ्यात शहाणपणही आहे, कारण कडक ऐरणीवर कडक हातोडा आपटला तर कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. लोहाराचा वेळ घेत असाल तर त्याची दिवसाची मजुरी आधी विचारून द्यावी. शिकवणे हेही कामच आहे, आणि ते फुकट मागण्याची आपल्याकडची सवय या कलेला फार महागात पडली आहे.

तिसरी पायरी: आगीकडे पाहायला शिकणे

नवशिक्याचे डोळे हातोड्याकडे असतात, जाणत्याचे आगीकडे. पहिले चार-पाच दिवस हातोड्याला हात न लावता नुसता भाता चालवायला मिळाला, तर ते नशीब समजावे. भात्याचा वारा ज्या ठिकाणी कोळशाला लागतो तेथे लोखंड सर्वांत लवकर जळते, आणि वर ठेवले तर ते नीट तापत नाही. काम आगीच्या मध्यावर, आडवे आणि वरूनही निखाऱ्यांनी झाकलेले असावे लागते. ज्या काकांकडे मी शिकलो, ते सांगत की लोखंड आगीवर ठेवायचे नसते, आगीत ठेवायचे असते. आणि या एका वाक्याचा अर्थ हाताला कळायला मला दोन महिने लागले.

मग रंग ओळखायला शिकावे. सुमारे ६०० अंश सेल्सियसला लोखंड काळपट तांबडे दिसते, ७५० ते ८०० अंशांना डाळिंबी लाल, ९०० ते १००० अंशांना केशरी आणि ११०० ते १२०० अंशांना पिवळे होते. त्यापुढे ते पांढरे होऊन त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या, म्हणजे लोखंड जळू लागले आहे आणि तो भाग कापून टाकण्याखेरीज इलाज नाही. ठोकण्याचे बहुतेक काम केशरी आणि पिवळ्या रंगांत होते. रंग काळपट तांबड्यावर उतरला, की हात थांबवावा आणि पुन्हा ताव द्यावा (आगीत तापवावे), कारण थंड पोलादावर मारलेला घाव आत भेग पाडतो आणि ती भेग पाणी देताना उघडी पडते. हे सर्व रंग सावलीतले आहेत. दुपारच्या उन्हात केशरी लोखंडही काळपट दिसते, आणि लोहाराच्या शेडमध्ये मुद्दाम अंधार का ठेवलेला असतो, याचे कारण हेच आहे.

एका तावात किती घाव बसतात, ते मोजण्याची सवय लावून घ्यावी. जाणता लोहार तापलेला तुकडा बाहेर काढण्याआधी कोठे, किती आणि कोणत्या बाजूने मारायचे हे ठरवून ठेवतो. नवशिक्या तुकडा बाहेर काढल्यावर विचार करू लागतो आणि तोवर ताव निघून जातो. दोघांचे काम असेल तेव्हा लोहार लहान हातोड्याने घाव कोठे पडावा ते दाखवतो आणि समोरचा त्याच जागी घण मारतो. लहान हातोडा ऐरणीच्या कडेला वाजला, की बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ थांबा असा असतो. प्रत्येक भट्टीची खूण थोडी वेगळी असू शकते, म्हणून घण उचलण्याआधी ती विचारून घ्यावी.

टिपणे आणि चित्रीकरण

आता वही काढायला हरकत नाही. परवानगी घेऊन काय नोंदवावे, तर सर्वांत आधी शब्द. अवजारांची नावे, त्यांच्या भागांची नावे, आगीच्या रंगांची नावे, कोणत्या गावचा कोयता कोणत्या वळणाचा, मूठ कोणत्या लाकडाची. हे शब्द माणसाबरोबर जातात आणि कोशात त्यांतील थोडेच सापडतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, जे १८९३ साली स्थापन झाले, जुने कोश बसून चाळावेत आणि आपण ऐकलेला शब्द तेथे आहे का ते पाहावे. प्रत्येक अवजाराचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून, समोरून आणि बाजूने घ्यावे. पात्याची जाडी पाठीशी किती आणि धारेशी किती, हे स्वतंत्र लिहावे, कारण ते छायाचित्रात दिसत नाही. चित्रीकरण करताना चेहऱ्यापेक्षा हात, आग आणि आवाज टिपावा. नोंदींची एक प्रत त्या कुटुंबाला दिलीच पाहिजे.

चौथी पायरी: सुरक्षितता

हातोडा हाती घेण्याआधी हा भाग दोनदा वाचावा. अंगात सुती कपडे असावेत. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. ओढणी, पदर आणि केस बांधलेले असावेत. पायांत चामड्याचे बूट आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय ऐरणीजवळ जाऊ नये, मग लोहार स्वतः अनवाणी काम करत असला तरी. पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले हाताशी असावे. तापलेला तुकडा सिमेंटच्या कोब्यावर टाकू नये, कारण कोब्यातील ओल वाफ होऊन त्याचे तुकडे उडवते. भट्टीजवळची जमीन मातीची असावी.

काय तापवू नये, हे जास्त महत्त्वाचे आहे. जस्ताचा मुलामा दिलेले नळ, जाळ्या आणि पत्रे भट्टीत कधीही घालू नयेत. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते आणि त्याचा धूर छातीत गेल्यावर थंडी वाजून ताप भरतो. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी आणि गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर हे तर आगीत बाँबसारखे फुटतात. भंगारातून आणलेल्या वस्तूवर रंग असेल तर तो आधी खरवडून काढावा. बंद खोलीत कोळसा पेटवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसाला कळण्याआधी तो बेशुद्ध होतो.

भाजले तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई असे काही लावू नये. जखम मोठी असेल तर वेळ न घालवता रुग्णालयात जावे. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर हे केवळ भाजलेल्या रुग्णांसाठीचे रुग्णालय आहे, हे आपल्या भागातील प्रत्येक शिकणाऱ्याला ठाऊक असावे. धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

पाचवी पायरी: जागा, हत्यारे आणि लोखंड

फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा गच्चीवर भट्टी लावण्याचा विचार सोडून द्यावा. येऊरकडे जाऊन मोकळ्या जागेत आग पेटवण्याचा विचारही तितकाच चुकीचा आहे, कारण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पहिले वर्ष लोहाराच्याच भट्टीवर, त्याला मजुरी देऊन काढणे सर्वांत चांगले. त्यानंतर दोन-चार जणांनी मिळून कोणाच्या गावाकडच्या घराच्या परसात, शेजाऱ्यांच्या संमतीने, शेड घालता येते. लाकडी कोळसा वापरला तर धूर कमी होतो आणि लोखंडही स्वच्छ राहते; दगडी कोळसा जास्त ताव देतो, पण पेटताना त्याचा धूर वस्तीत सहन होत नाही.

हत्यारे थोडीच लागतात. एक किलोच्या आसपासचा हातोडा, एक-दोन सांडशा, छिन्नी, पंच, एक खरखरीत आणि एक बारीक कानस, चामड्याच्या भात्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा, आणि ऐरण. बिडाची स्वस्त ऐरण घेऊ नये, ती हातोड्याखाली फुटते. रुळाचा तुकडा उत्तम काम देतो. आपल्याकडील रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो वजनाचे असतात, म्हणजे एक फुटाचा तुकडा साधारण १६ ते १८ किलो भरतो, आणि तो आडवा ठेवण्याऐवजी लाकडी ओंडक्यात उभा रोवला तर घावाखाली त्याचे पूर्ण वजन येते. मात्र रूळ अधिकृत लिलावातून आलेल्या मालाच्या विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. सरळ उभे राहून मुठी मिटून हात खाली सोडले, की मुठी जेथे येतात तेवढी ऐरणीची उंची असावी. हे माप चुकले तर महिन्याभरात पाठ धरते.

लोखंडाचा मोठा बाजार कळंबोलीला आहे, पण तेथील व्यवहार घाऊक असतो. शिकण्यासाठी फॅब्रिकेशनच्या दुकानातील उरलेले तुकडे पुरतात, आणि ते किलोच्या भावाने मिळतात. सुरुवातीला १० मिलिमीटरची साधी चौरस सळई मागावी. बांधकामाची टीएमटी सळई टाळावी, कारण तिच्या अंगावरच्या कंगोऱ्यांचे थर ठोकताना दुमडतात आणि तेथे भेग राहते. धारेच्या वस्तूंना मात्र पोलाद हवे, आणि त्यासाठी पिढ्यान्पिढ्या लोहाराने निवडलेली वस्तू म्हणजे ट्रकचा कमानपाटा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. साध्या लोखंडात कार्बनचे प्रमाण ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी असते, म्हणून त्याला पाणी दिले तरी ते कडक होत नाही. कमानपाट्यात ते साधारण ०.५ ते ०.६ टक्के असते आणि जुन्या कानशीत एक टक्क्याच्या वर. हातात आलेला तुकडा कोणता, हे चाकावर धरून ठिणग्यांवरून कळते. साध्या लोखंडाची ठिणगी लांब, सरळ रेघेसारखी जाते. पोलादाची आखूड असते आणि टोकाशी फुटून तिचे झुडूप होते. दोन्हींचे ओळखीचे तुकडे शेजारी ठेवून ही परीक्षा पाच-सहा वेळा केली, की डोळा बसतो.

सहावी पायरी: आकडा, मग छिन्नी, मग खुरपे

पहिली वस्तू आकडा असावी. साधारण २० सेंटिमीटर सळई घेऊन तिच्या एका टोकाला ताव द्यावा आणि ते निमुळते करावे. निमुळते करताना थेट गोल ठोकू नये. आधी चौकोनी निमुळते करावे, मग चार कोपरे मारून अष्टकोनी करावे आणि शेवटी गोल करावे. हा क्रम चुकला, तर सळईच्या पोटात पोकळ चीर पडते आणि टोक फाटते. नंतर ऐरणीच्या गोल कडेवर हलक्या हाताने बाक द्यावा. एक आकडा बरा झाला म्हणून पुढे जाऊ नये. एकसारखे वीस करावेत आणि ओळीने टांगून पाहावेत. विसावा आकडा पहिल्यासारखाच, पण निम्म्या तावांत झाला असेल, तर हात पुढे सरकला आहे.

छिन्नीत नवीन गोष्ट एकच असते, ती म्हणजे पाणी देणे, आणि त्याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे.

खुरप्यासाठी कमानपाट्याची साधारण दोन बोटे रुंद पट्टी कापून घ्यावी. पाटा जाड असतो आणि एकट्याच्या हातोड्याला दाद देत नाही, म्हणून येथे घण मारणारा सोबती लागतो. आधी मुठीत जाणारे शेपूट ओढून घ्यावे, मग पाते पसरवावे. पाते पसरवताना एकाच बाजूने मारत राहिले तर ते केळीच्या पानासारखे वळते, त्यामुळे प्रत्येक तावाला बाजू पालटावी. आकार आल्यावर ते डाळिंबी लाल करून चुलीच्या राखेत किंवा नुसत्या हवेत, वारा न लागेल असे, दोन-तीन वेळा निवू द्यावे. ठोकताना पोलादात साठलेला ताण याने मोकळा होतो. मग कानशीने धार जवळपास काढून ठेवावी, पण कागदासारखी पातळ करू नये, कारण अति पातळ कड पाणी देताना तडकते. पुढे सांगितल्याप्रमाणे पाणी देऊन झाले, की मूठ बाभळीची करावी, तिच्या तोंडाशी लोखंडी वेढे बसवावे आणि शेपूट तापवून मुठीत उतरवावे, म्हणजे ते स्वतःची जागा जाळून घट्ट बसते.

कोयत्याकडे पहिल्या वर्षी जाऊ नये. तलवार, खंजीर यांच्याकडे तर मुळीच जाऊ नये. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझे मत असे आहे, की या कलेला आज शोभेच्या तलवारींपेक्षा चांगल्या खुरप्यांची गरज अधिक आहे.

पाणी देणे

साऱ्या लोहारकामात हीच गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर आहे. पोलाद ठराविक उष्णतेपर्यंत तापवून एकदम थंड केले, की ते अतिशय कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग त्याला पुन्हा थोडी ऊब देऊन तो ठिसूळपणा काढून घ्यावा लागतो. किती तापवायचे, हे कळण्यासाठी नवशिक्याने लोहचुंबक जवळ ठेवावे. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते; त्याहून किंचित पुढे, डाळिंबी लाल रंग सर्वत्र सारखा दिसू लागला, की वेळ झाली.

जुनी रीत अशी आहे, की छिन्नीचे दोन इंच तापवावेत आणि फक्त पुढचा इंचभर भाग पाण्यात बुडवावा. बुडवताना तो स्थिर न धरता हळूच वर-खाली हलवत राहावा, नाहीतर पाण्याच्या रेषेवरच तडा जातो. टोक निवाले की बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर चटकन घासावे, म्हणजे ते चकचकीत होते. मागच्या भागातील उष्णता आता टोकाकडे सरकू लागते आणि चकचकीत पोलादावर रंगांची लाट येते. सुमारे २२० अंशांना फिकट गवती, मग गडद गवती, २५५ च्या आसपास तपकिरी, २७५ ला जांभळा आणि ३०० च्या जवळ निळा. टोकाशी हवा तो रंग पोहोचला, की सगळे हत्यार पाण्यात सोडावे. छिन्नीला तपकिरी ते जांभळा रंग ठीक पडतो. खुरपे दगडावर आपटते, म्हणून ते जांभळ्यापुढे निळ्याकडे झुकू द्यावे. गवती रंगावर थांबवलेले खुरपे पहिल्याच खड्यावर कपचते. ही लाट काही सेकंदांत निघून जाते आणि पुन्हा येण्यासाठी सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

कमानपाट्याला पाण्याऐवजी तेल दिले तर तडकण्याचा धोका कमी होतो. तेल लोखंडी डब्यात, झाकणासह, हाताला ऊन लागेल इतके कोमट करून घ्यावे आणि ते भडकले तर झाकण ठेवून विझवावे. त्यावर पाणी कधीही टाकू नये. माझे पहिले खुरपे पाण्यातच तडकले होते. काकांनी ते फेकू दिले नाही. तो तडा कोठून सुरू झाला हे त्यांनी मला शोधायला लावले, आणि तो कानशीच्या एका खोल ओरखड्यापासून निघाला होता.

तयार वस्तूला आपल्या हवेत लगेच गंज चढतो. खाडीकाठच्या दमटपणात पावसाळ्याचे चार महिने दर आठवड्याला खोबरेल तेलाचे बोट फिरवावे.

तांबे, पितळ आणि कल्हई

तांबटाचे मठारकाम (भांडे हातोडीने ठोकून घडवणे) आणि ओताऱ्याचे ओतकाम ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र लेख हवा. कल्हई मात्र प्रत्येक घराने आजच सुरू करण्यासारखी आहे. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवला की तो कळकतो. त्यावर उपाय म्हणून भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने आतून कथलाचा हात फिरवतात. कथील २३२ अंशांनाच वितळत असल्याने काम झटपट होते. कल्हईवाला दारावर आला, तर चार शेजाऱ्यांची भांडी एकत्र करून द्यावीत आणि शुद्ध कथीलच वापरायला सांगावे, कारण शिसे मिसळलेले कथील अन्नाच्या भांड्याला घातक आहे.

काम आणून देणे आणि सरकारी योजना

ज्यांना याच्या जोडीने औपचारिक शिक्षण हवे असेल, त्यांनी वागळे इस्टेटमधील आयटीआयमध्ये चौकशी करावी. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि वेल्डरचा एक वर्षाचा असतो. तेथे कानस, माप आणि अचूकपणा शिकायला मिळतो, जो भट्टीवर फार उपयोगी पडतो.

लोहाराला मात्र आपली मदत वेगळ्या ठिकाणी लागते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहार आणि हातोडा व अवजारे बनवणारे कारागीर यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व पुढे दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. योजना हा व्यवसाय प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी असून एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला तिचा लाभ मिळतो, त्यामुळे हौसेने शिकणाऱ्याने स्वतःसाठी अर्ज करू नये. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते. आधार, बँकेचे खाते आणि मोबाइल क्रमांक यांची जुळणी तेथे अनेकदा अडते, आणि दिवसाची मजुरी बुडवून तीन-तीन फेऱ्या मारणे लोहाराला परवडत नाही. ती कागदपत्रे आधी तपासून, सोबत जाऊन एका फेरीत काम पूर्ण करून देणे, ही शिकणाऱ्याने देण्यासारखी चांगली गुरुदक्षिणा आहे.

विक्रीसाठी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये भरणाऱ्या हस्तकला प्रदर्शनांची चौकशी करावी. पण माझा अधिक भरवसा गृहसंकुलांवर आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या प्रत्येक संकुलात बाग आहे, माळी आहेत आणि त्यांच्या हातात पहिल्याच पावसात वाकणारी पत्र्याची खुरपी आहेत. स्वयंपाकघरांत लोखंडी तवा, कढई, उलथणे आणि सांडशी यांना पुन्हा मागणी आली आहे. दहा संकुलांतून किती खुरपी, किती कोयत्या आणि किती विळ्या लागतील त्याची यादी करावी, प्रत्येक वस्तूचा एक नमुना लोहाराकडून आधी करून घेऊन तो माळ्याच्या हाती आठवडाभर द्यावा आणि मूठ, वजन, बाक यांविषयी त्याचे म्हणणे लोहाराला सांगावे. यादी चैत्र संपण्याआधी द्यावी, म्हणजे मृगाच्या घाईत ती अडकणार नाही. कोळशाच्या खर्चासाठी निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. प्रत्येक अवजारावर लोहाराची खूण पंचाने उठवून घ्यावी, आणि वर्षभर वापरून झिजलेली खुरपी पुढच्या चैत्रात शेवटण्यासाठी त्याच भट्टीवर परत न्यावीत.